वर्गाचे कॉन्टॅक्ट नव्या ईमेल खात्यावर नेताना जोडलेल्या नोंदी कशा जपायच्या?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या रोजच्या कामातला आहे. शाळेसाठी नवीन ईमेल खातं उघडलं, फोन बदलला किंवा बदली झाली, की पालकांचे नंबर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावे लागतात. आपण म्हणतो, "त्यात काय, पाच मिनिटांचं काम!" नंबर खरंच पाच मिनिटांत जातात. पण त्या नंबरांना चिकटलेली माहिती सोबत जातेच असं नाही. आणि ती मागे राहिली हे लगेच कळतही नाही. कळतं ते नेमक्या अडचणीच्या वेळी.

माझा अनुभव

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. जूनमध्ये मी नवीन फोन घेतला. जुन्या फोनमधले सगळे नंबर सिमकार्डवर कॉपी केले आणि सिम नव्या फोनमध्ये घातलं. नावं दिसली, नंबर दिसले, मी खूश. मग काही नावं दोन-दोनदा दिसायला लागली म्हणून डुप्लिकेट काढणारं एक ॲप चालवलं. त्याने विचारलं, सगळी एकत्र करू का? मी 'हो' म्हटलं.

जुलैत एके दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी ओल्या व्हरांड्यात घसरून पडली. कपाळाला खोक पडली. मी तिच्या आईच्या नावावर फोन लावला आणि धावत आल्या त्या दुसऱ्याच मुलीच्या आई! वर्गात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. दोघींच्या आयांची कार्डं त्या ॲपने एकच करून टाकली होती आणि मी वरचा नंबर लावला होता.

खरा नंबर त्याच कार्डात खाली सापडला, पण तो लागेना. जुन्या फोनमध्ये त्या कार्डाखाली मी एक टीप लिहून ठेवली होती : 'दुपारी आई कंपनीत, फोन लॉकरमध्ये. मामांना लावणे', आणि पुढे मामांचा नंबर. ती टीप सिमवर आलीच नव्हती. जुना फोन तोवर पुसून भाच्याला देऊन झाला होता.

शेवटी गल्लीतल्या एका पालकांनी मामांपर्यंत निरोप पोचवला. मुलीला तीन टाके पडले, बाकी सगळं ठीक झालं. पण मधला तो अर्धा तास मी विसरलेले नाही. आणि ज्या माऊली शेतातली भांगलण टाकून उगाच धावत आल्या, त्यांचा चेहरा तर नाहीच विसरले.

त्या दिवशी नंबर हरवला नव्हता बरं का. हरवलं होतं ते नंबराचं बाकीच्या माहितीशी असलेलं नातं. ते कसं जपायचं तेच आज पाहू.

जोडलेली नोंद म्हणजे काय?

आपल्याच कामातलं उदाहरण घेऊ. एखादं मूल दुसऱ्या शाळेत जातं तेव्हा आपण त्याला शाळा सोडल्याचा दाखला देतो. दाखल्यावर त्याचं नाव असतं, आईचं नाव असतं, जन्मतारीख असते आणि जनरल रजिस्टरचा नंबर असतो. दाखल्यावर जे लिहिलंय ते नव्या शाळेत जातं. पण ते मूल कोणत्या बाकावर बसायचं, कोणत्या गटात होतं, वाचनालयाचं कोणतं पुस्तक त्याच्याकडे आहे, हे दाखल्यावर नसतं. ते आपल्या शाळेच्या वह्यांत राहतं.

कॉन्टॅक्टचंही तसंच. एक कॉन्टॅक्ट म्हणजे एक कार्ड समजा. त्याच्याशी जोडलेल्या नोंदी तीन प्रकारच्या असतात.

१. कार्डाच्या आतल्या नोंदी : नाव, नंबर, ईमेल, पत्ता, जन्मतारीख, टीप.

२. कार्डांचे गट : 'तिसरी पालक', 'शाळा व्यवस्थापन समिती', 'पोषण आहार' असे आपण केलेले गट. गुगलमध्ये यांना 'लेबल' म्हणतात, आउटलुकमध्ये 'कॉन्टॅक्ट ग्रुप', थंडरबर्डमध्ये 'मेलिंग लिस्ट'.

३. कार्डाच्या बाहेरच्या नोंदी : त्या पालकांशी झालेले ईमेल, कॅलेंडरवरच्या सभा, शेअर केलेल्या शीट, आणि फोनने दोन कार्डं जोडून तयार केलेलं एकत्र कार्ड.

पहिला प्रकार बहुतेक वेळा जातो. दुसरा अर्धवट जातो. तिसरा जवळजवळ कधीच जात नाही.

असं का होतं? ईमेलचा प्रोग्रॅम प्रत्येक कार्डाला आतून एक ओळख क्रमांक देतो. आपल्याला तो दिसत नाही. अमुक कार्ड अमुक गटात आहे, हे प्रोग्रॅम त्या क्रमांकावरून लक्षात ठेवतो. कार्ड दुसऱ्या खात्यात गेलं की तिथे त्याला नवा क्रमांक मिळतो. जुन्या क्रमांकाला बांधलेले सगळे धागे जुन्याच खात्यात राहतात.

यावरून एकच नियम लक्षात ठेवायचा : जे कार्डावर अक्षरात लिहिलंय ते प्रवास करतं. जे फक्त प्रोग्रॅमला 'माहीत' आहे ते मागे राहतं.

कोणत्या मार्गाने काय जातं?

सिमकार्ड : जेमतेम नाव आणि नंबर. टीप, पत्ता, जन्मतारीख, गट काहीच जात नाही. नाव लांब असेल तर तेही मध्येच कापलं जातं. देवनागरी अक्षरांना जागा जास्त लागते, त्यामुळे मराठीत लिहिलेली नावं लवकर कापली जातात. वर्गाच्या यादीसाठी सिमचा मार्ग वापरूच नका.

व्हीकार्ड, म्हणजे व्हीसीएफ फाइल : फोनच्या कॉन्टॅक्ट ॲपमधून 'एक्सपोर्ट' केलं की साधारणपणे हीच फाइल मिळते. यात कार्डाच्या आतलं बहुतेक सगळं जातं, टीपसुद्धा. या पद्धतीची २.१ ही आवृत्ती १९९६ची, ३.० ही १९९८ची आणि ४.० ही २०११ची. गट आणि 'हा त्याचा कोण' हे नातं लिहिण्याची नीट सोय ४.० मध्ये झाली. पण आजही बऱ्याच ठिकाणी ३.० चीच फाइल तयार होते. त्यामुळे व्हीकार्डवर गटांचा भरवसा ठेवू नये.

सीएसव्ही फाइल : ही साधी तक्त्याची फाइल. एका ओळीत एक पालक, प्रत्येक माहितीला एक स्तंभ. गुगल कॉन्टॅक्ट्समधून 'गुगल सीएसव्ही' निवडली तर त्यात लेबलांचा स्वतंत्र स्तंभ असतो. एका पालकाला दोन लेबलं असतील तर ती दोन्ही त्याच चौकटीत लिहिलेली असतात. म्हणून गुगलकडून गुगलकडे जाताना हाच मार्ग बरा. फोटो मात्र यातून जात नाहीत, कारण ही नुसती अक्षरांची फाइल आहे.

हलवण्याआधीची तयारी

खरं काम इथेच आहे. पुढची बटणं दाबणं सोपं आहे.

*नाव कसं लिहावं?* आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये 'श्रावणी आई', 'ओम बाबा', 'ओम बाबा नवीन' अशी नावं असतात. पुढच्या वर्षी दुसरी श्रावणी येते आणि घोळ सुरू होतो. मग ओळख म्हणून काय वापरावं? नाव चालत नाही, कारण एकाच नावाची दोन मुलं असतात. हजेरी क्रमांक चालत नाही, कारण तो दरवर्षी बदलतो. मोबाइल नंबरही चालत नाही. पालक तो बदलतात आणि एका घरात चार मुलांसाठी एकच फोन असू शकतो.

चालतो तो जनरल रजिस्टर नंबर. मूल आपल्या शाळेत असेपर्यंत तो बदलत नाही आणि दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. म्हणून मी आता कार्डावर नाव असं लिहिते : 'श्रावणी आई जर १४५२'. 'जर' म्हणजे जनरल रजिस्टर. दिसायला जरा विचित्र दिसतं, पण दोन श्रावणींची कार्डं आता कुठलंही ॲप 'एकच नाव' म्हणून एकत्र करू बघत नाही. आणि कधी केलंच, तरी कोणता नंबर कुणाचा हे टीपेतून आणि हजेरीच्या वहीवरून शोधता येतं.

एक काळजी घ्या. आधार नंबर किंवा मुलांचे सरकारी आयडी कार्डावर लिहू नका. फोन हरवला तर ते सगळं दुसऱ्याच्या हातात जाईल. जनरल रजिस्टर नंबर शाळेबाहेरच्या माणसाच्या फारसा उपयोगाचा नसतो, म्हणून तो सुरक्षित.

*नातं शब्दांत लिहा.* टीप या रकान्यात तीन ओळी ठरवून टाका :

मुलं : श्रावणी जर १४५२ (तिसरी), तिचा भाऊ जर १६१० (पहिली)
आई न लागल्यास : मामा, आणि पुढे नंबर
लक्षात ठेवा : दुपारी आई कामावर. शेंगदाण्याची ॲलर्जी.

गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'संबंधित व्यक्ती' असाही एक रकाना असतो. तो वापरायला हरकत नाही. पण तिथे लिहिलेलं नाव म्हणजे फक्त अक्षरं असतात, दुसऱ्या कार्डाकडे नेणारा पक्का दुवा नसतो. म्हणून तिथेही नावासोबत रजिस्टर नंबर लिहाच.

*गट कार्डावरही लिहा.* लेबल हरवलं तरी चालावं म्हणून टीपेच्या शेवटी 'गट : तिसरी पालक, एसएमसी' असं लिहून ठेवा. उद्या सगळी लेबलं गेली तरी शोधाच्या चौकटीत 'एसएमसी' टाइप केलं की ती सगळी कार्डं समोर येतील. मग त्यांना पुन्हा लेबल लावणं दोन मिनिटांचं काम.

चाळीस पालकांची कार्डं अशी नीट करायला मला दोन संध्याकाळ लागल्या. पालक सभेतच एकेकाला विचारून भरली तर आणखी सोपं जातं. शिवाय नंबर चालू आहे का हेही तिथल्या तिथे कळतं.

प्रत्यक्ष कृती : एका गुगल खात्यातून दुसऱ्या खात्यात

हे काम शक्यतो कॉम्प्युटरवर करा. फोनवर पर्याय कमी दिसतात.

१. जुन्या खात्याने लॉगिन करून कॉन्टॅक्ट्स उघडा. एकूण किती कॉन्टॅक्ट आहेत आणि प्रत्येक लेबलात किती आहेत हे कागदावर लिहून घ्या. सहल निघाली की आपण बसमध्ये चढताना मुलं मोजतो आणि उतरतानाही मोजतो. तसंच हे.

२. 'एक्सपोर्ट' मध्ये जाऊन सगळ्या कॉन्टॅक्टची गुगल सीएसव्ही उतरवून घ्या. मग पुन्हा एक्सपोर्ट करून व्हीकार्डही घ्या. दोन्ही फाइल्स तारीख घालून पेनड्राइव्हवर ठेवा. या मूळ प्रती. यांना हात लावायचा नाही.

३. आता नमुना चाचणी. पाच कार्डं निवडा. त्यात एक साधं, एक दोन लेबलांचं, एक लांब टीप असलेलं, एक जन्मतारीख असलेलं आणि एक दोन नंबर असलेलं असू द्या. फक्त या पाचांची गुगल सीएसव्ही काढा.

४. नव्या खात्यात जाऊन 'इंपोर्ट' करा. पाचही कार्डं उघडून बघा. लेबलं आली का? टीप पूर्ण आहे का? मराठी अक्षरं नीट आहेत का? जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे तर झाले नाहीत?

५. सगळं आलं असेल तर चाचणीची पाच कार्डं काढून टाका आणि पूर्ण फाइल इंपोर्ट करा. एका वेळी ३,००० कॉन्टॅक्ट घेता येतात, म्हणजे आपल्या शाळांना भरपूर झालं.

६. लेबलं आली नसतील तर एकेका लेबलाने जा. जुन्या खात्यात 'तिसरी पालक' हे लेबल उघडा, तेवढीच कार्डं एक्सपोर्ट करा आणि नव्या खात्यात इंपोर्ट करा. इंपोर्ट झालेल्या कार्डांना गुगल स्वतःहून त्या तारखेचं एक लेबल लावतं. त्या लेबलाचं नाव बदलून 'तिसरी पालक' करा. मग पुढचा गट घ्या. एकच पालक दोन गटांत असेल तर त्याचं कार्ड दोनदा येईल. अशी दोन कार्डं मात्र एकत्र करायला हरकत नाही, कारण ती खरंच एकाच माणसाची आहेत.

७. जुन्या खात्यातून लगेच काही काढू नका. आपण 'हलवतो' म्हणतो, पण करायचं असतं ते असं : आधी कॉपी, मग तपासणी, आणि महिन्याभराने जुन्यातून काढणं.

चूक झालीच तर? गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये काढलेली कार्डं ३० दिवस कचरापेटीत राहतात. 'बदल पूर्ववत करा' हा पर्यायही गेल्या ३० दिवसांपर्यंत मागे नेतो. पण तो पूर्ण यादीच त्या वेळेला नेऊन ठेवतो. म्हणजे त्यानंतर भरलेले नवे नंबर जाऊ शकतात. म्हणून तो वापरण्याआधी पुन्हा एकदा एक्सपोर्ट करून घ्या.

एक्सेलमध्ये उघडताना सावधान

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये उघडते. इथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. फाइल खराब झालेली नसते, एक्सेलने ती चुकीच्या पद्धतीने वाचलेली असते. पण तशीच सेव्ह केली तर मात्र खरंच खराब होते.

दुसरी, ९१ लावलेला मोबाइल नंबर १२ अंकी होतो. एक्सेल त्याला मोठी संख्या समजून '९.१९ई+११' असं काहीतरी दाखवतं. ही फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की नंबरच्या जागी तेच लिहिलं जातं. खरा नंबर गेला! पुढचं अधिकचं चिन्ह आणि एसटीडी कोडचा शून्यही असाच उडतो.

तिसरी, एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवतं, त्यापुढचे अंक शून्य करतं. लांबलचक आयडी नंबरांच्या याद्या करताना हे आपल्याला नडतं ते यामुळेच.

उपाय सोपा आहे. डबल क्लिक करू नका. एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून 'मजकूर किंवा सीएसव्हीमधून' हा पर्याय घ्या, भाषेसाठी यूटीएफ-८ निवडा आणि नंबरांचे स्तंभ 'टेक्स्ट' करा. किंवा थेट गुगल शीटमध्ये उघडा, तिथे मराठी नीट दिसतं. नंबर मात्र तिथेही तपासून घ्या. आणि नुसतं बघायचंच असेल तर मूळ फाइलची प्रत काढून ती उघडा.

'लिंक' आणि 'मर्ज' यांत फरक आहे

हा मुद्दा पालकांनीही नीट वाचावा. घरोघरी हा घोळ होतो.

एकाच माणसाचं एक कार्ड तुमच्या ईमेल खात्यात असतं आणि दुसरं फोनच्या मेमरीत. फोन ती दोन्ही एकत्र 'जोडून' एकच कार्ड दाखवतो. याला लिंक म्हणतात. इथे कार्डं दोनच असतात, फक्त एकावर एक ठेवलेली. आयफोनमध्येही वेगवेगळ्या खात्यांतली कार्डं लिंक केली तर ती आपापल्या खात्यातच राहतात, दिसतात फक्त एकत्र. अशा वेळी ईमेल खातं हलवलं की खात्यातलं कार्ड जातं आणि फोनमधलं मागे राहतं. टीप फोनमधल्या कार्डावर लिहिलेली असेल तर तीही मागेच. आपल्याला वाटतं टीप गायब झाली. ती गायब नसते, ती कधी खात्यात नव्हतीच.

म्हणून हलवण्याआधी महत्त्वाची कार्डं एकेक उघडून बघा. कार्ड कुठे साठवलंय ते तिथे दिसतं : फोन, सिम की ईमेल खातं. फोन किंवा सिम असेल तर ते आधी खात्यात न्या.

मर्ज म्हणजे दोन कार्डांचं खरोखर एक करणं. इथे दुसरं कार्ड उरत नाही. कॉन्टॅक्ट ॲप 'ही कार्डं सारखी वाटतात, एकत्र करू का?' असं सुचवतं ते नाव, नंबर किंवा ईमेल सारखा दिसल्यावर. आपल्याकडे एकत्र कुटुंबात आजोबांचा एकच फोन नंबर चार नातवंडांच्या कार्डांवर असतो. यंत्राला ते एकच माणूस वाटतं. म्हणून 'सगळी मर्ज करा' हे बटण वर्गाच्या यादीवर कधीही दाबू नका. एकेक जोडी बघा, मगच ठरवा.

आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरत असाल तर

आउटलुकमधून सीएसव्ही काढली तर एकेक कॉन्टॅक्ट येतात, पण 'कॉन्टॅक्ट ग्रुप' येत नाहीत. आउटलुकमधून दुसऱ्या कॉम्प्युटरच्या आउटलुकमध्येच जायचं असेल तर पीएसटी फाइल काढा. त्यात फोल्डरसकट सगळं जातं.

थंडरबर्डमध्ये मेलिंग लिस्ट एका विशिष्ट ॲड्रेस बुकची असते. कार्ड त्या बुकातून उचलून दुसऱ्या बुकात टाकलं की ते त्या लिस्टमधून निघतं. म्हणून एकेक कार्ड न उचलता आख्खं बुक हलवावं. सीएसव्हीऐवजी एलडीआयएफ हा प्रकार निवडला तर लिस्टही सोबत जातात.

जे कार्डाबरोबर जाणारच नाही

जुने ईमेल जुन्या खात्यातच राहतात. महत्त्वाचे असतील तर नव्या खात्याला फॉरवर्ड करा. जुन्या खात्यातली गुगल शीट नव्या खात्याला आपोआप दिसत नाही, ती शेअर करावी लागते. कॅलेंडरवरच्या सभांचं आमंत्रण जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं, तेव्हा पुढच्या सभांना नवा पत्ता घाला. कार्डावर जन्मतारीख असेल तर मात्र वाढदिवस नव्या खात्याच्या कॅलेंडरवर दिसू शकतात, कारण ती तारीख कार्डावर लिहिलेली आहे. पुन्हा तोच नियम!

आणि जुनं खातं नुसतं सोडून देऊ नका. दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल वैयक्तिक खातं बंद करून त्यातलं सगळं काढून टाकू शकतं. अधूनमधून लॉगिन करत राहा.

बदली झाल्यावर

बदली झाली की आपण दप्तर सुपूर्द करतो : हजेरी, निकालपत्रक, साहित्याची यादी. त्यात वर्गाच्या कॉन्टॅक्टची फाइलही असायला हवी. येणाऱ्या बाईंना किंवा सरांना नुसते नंबर देऊ नका, टीपेसकट द्या. कोणत्या आजीला ऐकू कमी येतं, कोणाला फोन न करता घरी निरोप द्यायचा, कोणत्या मुलाबद्दल कोणाशी बोलायचं, हे शिकायला आपल्याला वर्ष लागलेलं असतं. त्यांना ते पहिल्या दिवशी मिळावं.

फाइल देताना मुख्याध्यापकांना सांगून शाळेच्या खात्यातूनच द्या, गटावर टाकू नका. पालकांचे नंबर आपल्याकडे विश्वासाने दिलेले असतात. पुढची व्यवस्था लागली की आपल्या खासगी फोनमधून त्या वर्गाची यादी काढून टाकावी.

शेवटची तपासणी

काम झाल्यावर एवढं करा :

१. एकूण संख्या आणि प्रत्येक लेबलाची संख्या कागदावरच्या आकड्यांशी जुळवा.

२. हजेरीची वही घेऊन कोणतीही दहा नावं काढा. प्रत्येकाचा रजिस्टर नंबर शोधाच्या चौकटीत टाका. बरोबर कार्ड येतंय का? टीप आहे का?

३. भावंडं, एकाच नावाची मुलं आणि एकच फोन असलेली घरं, ही कार्डं सगळीच्या सगळी उघडून बघा. चूक असेल तर इथेच असते.

४. लेबल निवडून सर्व पालकांना एक साधा ईमेल पाठवा, 'हा शाळेचा नवा पत्ता आहे' असा. ज्यांचा परत आला त्यांना फोन करा.

५. ज्यांच्या कार्डावर आजार किंवा ॲलर्जीची नोंद आहे, त्यांची यादी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वीज गेली, फोन बंद पडला तरी तो कागद तिथेच असतो.

पालकहो, तुमच्यासाठी एवढंच. नंबर बदलला तर शाळेला कळवाच, पण सोबत 'मी न लागल्यास कोणाला फोन करायचा' हेही दरवर्षी जूनमध्ये नव्याने सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी सांगा.

त्या मुलीच्या मामांचा नंबर आज माझ्या तीन ठिकाणी लिहिलेला आहे : तिच्या आईच्या कार्डावर, मामांच्या स्वतःच्या कार्डावर आणि कपाटाच्या दारावरच्या कागदावर. ती मुलगी आता हायस्कूलला गेली. तिच्या वेळचा तो कागद मी अजून काढलेला नाही.

तुमच्याकडे हे काम करताना काही वेगळी अडचण आली असेल, किंवा सोपी युक्ती सापडली असेल, तर नक्की सांगा. सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.